एक कागद द्या: वेबसाइट करून देणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
ठाणे, वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांना, दुकानदारांना, क्लासवाल्यांना वेबसाइट करून देणारी सर्व मंडळी

नमस्कार.

मी तुमच्या धंद्यातली नाही. मी हिशेब लिहिते. वागळे इस्टेटमधले चार गाळे आणि रबाळ्यातली दोन युनिटं, एवढा माझा व्याप. आठवड्यातून एकेक दिवस एकेकाकडे जायचं, बिलं फाइलला लावायची, टॅलीत एंट्र्या टाकायच्या, जीएसटीची तारीख गाठायची. तुमच्यापैकी बहुतेकांना मी कधी पाहिलेलं नाही, पण नावानिशी ओळखते, कारण तुमची बिलं माझ्याकडे येतात. 'वेबसाइट डिझायनिंग चार्जेस, डोमेन व होस्टिंगसह, रु. १२,०००.' (डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, होस्टिंग म्हणजे ती ठेवायची भाड्याची जागा.) बस, एवढी एक ओळ. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे नंतर बोलायला मोकळी.

मार्चएंडला हिशेबनिसाच्या टेबलावर काय असतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. वागळेत एक स्प्रिंगवाले काका आहेत. गाळा लहान, पण माल चोख. चाकणपर्यंत त्यांची गिऱ्हाइकं आहेत. त्यांच्या ऑफिसातला मुलगा आलेल्या मेलमधलं जे बिलासारखं दिसेल ते छापतो आणि 'देणी' लिहिलेल्या फाइलला टोचून ठेवतो. त्या फाइलमध्ये वीजबिल, ग्राइंडिंग व्हीलचं बिल आणि टेम्पोवाल्याची पावती यांच्या मधोमध एक कागद होता. वर डाव्या कोपऱ्यात निळं चिन्ह. त्याखाली काकांच्या फर्मचं नाव, पत्ता, अगदी गाळा क्रमांकासकट. मध्ये चौकट, चौकटीत त्यांच्या वेबसाइटचं नाव ठळक अक्षरांत. बाजूला लाल रंगात 'एक्स्पायरेशन नोटिस', खाली तारीख, आणि त्याखाली तीन रकमा: एका वर्षाची, पाच वर्षांची, दहा वर्षांची. पाचवर आधीच टिकमार्क केलेला. २७५ डॉलर.

मी काकांना विचारलं, "काका, हे वेबसाइटचं द्यायचंय का?" काका मशीनवरून न हलता म्हणाले, "असेल तर देऊन टाक ताई, बंद पडायला नको." मी त्यांच्या कार्डावरून पैसे भरले. व्हाउचर माझ्या हाताचं आहे, 'डोमेन रिन्यूअल' ही नरेशनसुद्धा माझीच.

एप्रिलमध्ये कार्डाचं स्टेटमेंट आलं. परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागलेलं बघून मी इनव्हॉइस शोधायला बसले आणि तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. अगदी तळाला, औषधाच्या पाकिटावर असतात तसल्या बारीक अक्षरांत दोन वाक्यं होती. हे बिल नाही, हा सेवेचा प्रस्ताव आहे, तो स्वीकारायला तुम्ही बांधील नाही. आणि ही सेवा 'सर्च इंजिन नोंदणी'ची आहे. म्हणजे डोमेनचा आणि या पैशांचा काडीचाही संबंध नव्हता. जाहिराती सोडल्या तर गुगल आपल्या शोधात साइट दाखवायला कुणाकडून पैसे घेत नाही, तेव्हा ही नोंदणी कसली, तर कसलीच नाही.

मला वाटलं, चला, पैसे गेले, संपलं. पण संपलं नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात 'रिन्यूअल झालं' असं बसून गेलं होतं. खरी मुदत होती जूनमध्ये. जूनच्या मध्यावर साइट बंद, आणि त्याच नावावर चालणारे मेलही बंद. चाकणच्या एका गिऱ्हाइकाची एन्क्वायरी परत गेली. त्यानं फोन करायची तसदी घेतली नाही, दुसऱ्याला ऑर्डर दिली. आम्हाला कळलं ते तीन आठवड्यांनी, काकांच्या भाच्यानं गावाहून फोन करून सांगितलं तेव्हा.

खऱ्या रजिस्ट्रारनं, म्हणजे काकांच्या साइटचं नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीनं, आठवणी पाठवल्या नव्हत्या का? पाठवल्या होत्या. नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानं डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी आणि नाव संपल्यावर पाच दिवसांच्या आत अशी आठवण द्यावीच लागते. तिन्ही गेल्या होत्या. त्या गेल्या होत्या साइट करून देणाऱ्या मुलाच्या कॉलेजातल्या जुन्या जीमेलवर. तो मुलगा आता परदेशात. गुणी मुलगा, त्याला लबाड म्हणणार नाही. साइट घेतली तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा मेल होता, तो त्यानं टाकला. काकांना कुणी सांगितलंच नाही की तिथं त्यांचा मेल असायला हवा.

त्याला शोधून, रात्री उशिरा व्हॉट्सॲप करून, पासवर्ड मिळवेपर्यंत नाव रिडेम्प्शनमध्ये गेलं होतं. तुम्हाला हे माहीत असेलच, मला तेव्हा नवीन होतं: मुदत संपल्यावर काही दिवस साध्या दरात नाव परत मिळतं, किती दिवस ते रजिस्ट्रारवर, फार तर ४५. त्यानंतर ३० दिवस नाव मिळतं, पण दंड भरून. मग पाच दिवस ते कुणालाच मिळत नाही, आणि त्यानंतर कुणीही उचलावं. आम्ही त्या ३० दिवसांत सापडलो. साडेनऊ हजार. ही एंट्री 'दंड व इतर' खाली टाकताना काका समोर उभे होते. काही बोलले नाहीत. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

यानंतर मी हे प्रकरण उकरायला घेतलं, आणि जे सापडलं त्यातून या पत्राला कारण मिळालं.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००३ सालीच 'डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका' नावाच्या कंपनीवर कारवाई केली होती. ती कॅनडातून लोकांना रिन्यूअलच्या नावानं पत्रं धाडत असे, आणि ती पत्रं म्हणजे प्रत्यक्षात नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेण्याचा अर्ज. पुढे २०१४ मध्ये त्याच घरातल्या ब्रँडन ग्रे या रजिस्ट्रारचा परवाना आयकॅननं ९० दिवसांसाठी निलंबित केला. दरम्यान हे सोंग कागदावरून मेलमध्ये उतरलं आणि टपालाचा खर्चही वाचला. पत्ते मिळवायला कष्ट नव्हते. डोमेन घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, मेल हे 'हूइज' नावाच्या नोंदवहीत जगाला उघडं असायचं. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यावर बऱ्याच नावांची माहिती झाकली गेली. पण तोवर याद्या बनून विकल्या गेल्या होत्या. आणि काकांसारख्यांचा पत्ता साइटच्या 'संपर्क' पानावर असतोच. असायलाच हवा, नाहीतर गिऱ्हाईक येणार कुठून?

हे समजल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिले. मी २२ वर्षं बिलं बघते. खोटं बिल मला वासावरून कळतं. महिन्याच्या शेवटी अनोळखी माणूस दाराशी येऊन म्हणाला की दुधाचे पैसे द्या, तर मी हसेन, कारण माझा दूधवाला मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यात घरोघरी मेसेज आले होते, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापणार, या नंबरवर फोन करा. त्यात फसणारे फसले, पण आमच्या काकांनी तो मेसेज पुसून टाकला. महावितरणचं बिल त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं, बारा आकडी ग्राहक क्रमांक त्यांना जवळजवळ पाठ आहे, आणि वीज कापायला कोण येतो तेही माहीत आहे. मग हाच माणूस २७५ डॉलरला का गंडला?

कारण त्याच्या वेबसाइटचा दूधवाला कोण, हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही. नाव कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, कधी संपतं, किती पैसे लागतात, होस्टिंग वेगळीकडे आहे की तिथेच, काही म्हणजे काही नाही. ज्याला आपला खरा दुकानदार माहीत नाही त्याला कुणीही बिल पाठवावं. आणि मंडळी, हे सांगणं तुमचं काम होतं. माझंही थोडं, मी विचारायला हवं होतं. पण आधी तुमचं.

एकदा हा चष्मा लागला की बाकीचे मेलही त्यातूनच दिसायला लागतात. काकांच्या आणि इतरांच्या इनबॉक्समधले गेल्या काही महिन्यांतले मेल मी मुद्दाम वाचले, म्हणून सांगते.

सगळ्यात मजेदार तो चीनचा मेल. 'आम्ही आशियातल्या डोमेन नोंदणीचं काम बघतो. एका कंपनीनं तुमच्या ब्रँडच्या नावानं डॉट सीएन, डॉट एशिया वगैरे नावांसाठी अर्ज केला आहे. तुमचा त्यांच्याशी संबंध आहे का? सात दिवसांत कळवावे.' काकांनी मला तो वाचून दाखवला तेव्हा चेहरा चिंतेचा होता, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी खूशही होते. चीनमध्ये आपलं नाव कुणाला तरी हवंय! उत्तर पाठवलं की मग 'आधी तुम्हाला संधी देतो' म्हणून चौपट भावात नावं गळ्यात मारतात. एक साधी गोष्ट काकांना माहीत असती तर तो मेल तिथेच पडला असता: नाव विकणारा रजिस्ट्रार आधी येईल त्याला नाव देतो, ब्रँड कुणाचा आहे हे विचारत बसत नाही, आणि जुन्या मालकाला विचारायला पत्र तर मुळीच धाडत नाही. खरंच कुणी आपलं नाव चोरलं तर त्यासाठी १९९९ पासून आयकॅनची तंटा सोडवायची रीत आहे, डॉट इनसाठी आपली वेगळी आहे.

'तुमच्या साइटमध्ये चुका सापडल्या, गुगलवर पहिल्या नंबरावर आणतो' हे रोज पाच-सहा येतात. ते सोडून द्या. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं. 'तुमचा मेलबॉक्स ९८ टक्के भरला, इथे लॉगिन करा' हा मात्र सोडून देण्यासारखा नाही. तिथे दिलेला पासवर्ड घेऊन तुमच्याच मेलवरून तुमच्याच गिऱ्हाइकांना 'बँक खातं बदललंय' असं पत्र जातं. काकांचा मेल नक्की कुठल्या कंपनीचा आहे हे काकांना माहीत नाही, त्यामुळे कुठलंही लॉगिनचं पान त्यांना खरंच वाटणार. 'तुमचा डेटाबेस आम्ही हॅक केलाय, बिटकॉइन द्या' असा एक संपर्क फॉर्ममधून आला होता. काकांच्या साइटला डेटाबेस आहे की नुसती चार पानं, हे सांगणारंही कुणी नव्हतं. शेवटी मीच तुमच्यातल्या एकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, त्यात चोरायला काय आहे? स्प्रिंगचे फोटो आहेत." तेवढं वाक्य एक वर्ष आधी सांगितलं असतं तर काकांची एक रात्र वाचली असती.

आता ज्यावर मला तुमच्याशी खरंच वाद घालायचा आहे तो मेल. नौपाड्यात माझी एक मैत्रीण केटरिंग करते. सणासुदीला तिच्याकडे पुरणपोळीसाठी आठ दिवस आधी नंबर लावावा लागतो. तिच्या साइटच्या फॉर्ममधून इंग्रजीत धमकी आली: तुम्ही माझे फोटो परवानगीशिवाय वापरले आहेत, मी व्यावसायिक छायाचित्रकार आहे, पुरावे या लिंकवर आहेत, काढले नाहीत तर कोर्टात खेचीन. तिनं मला फोन केला तो रडवेल्या आवाजात. मी म्हटलं, लिंक उघडू नकोस. असले मेल २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी उघडकीला आणले होते. ते संपर्क फॉर्ममधूनच यायचे, लिंक गुगलच्या पानाची असायची म्हणून खरी वाटायची, आणि तिथून जी फाइल उतरायची त्यात आइस्डआयडी नावाचा, बँकेचे तपशील चोरणारा प्रोग्राम असायचा.

तिनं विचारलं, "पण समजा खरं असलं तर? तो पुरणपोळीचा फोटो त्या मुलानं कुठून घेतला मला काय माहीत!" आम्ही त्या मुलाला विचारलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "गुगलवरून."

बघा म्हणजे. मेल खोटा होता, भीती खरी होती. जी बाई स्वतः रोज शेकडो पोळ्या लाटते तिच्या साइटवर दुसऱ्या कुणाच्या तव्यावरची पोळी कशाला? मोबाइलवर दहा फोटो काढून दिले असते तिनं. आणि फोटो तिचे आहेत हे तिला ठाऊक असतं तर धमकी वाचून ती हसली असती.

तुमच्या स्वतःच्याच डोक्याला लागेल असाही एक प्रकार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, नावानं मेल फिरले की तुमच्या साइटमध्ये गंभीर भोक सापडलंय, हा प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम) लगेच टाका. सोबत अधिकृत वाटावा असा सुरक्षा क्रमांकही होता. तो प्लगइन म्हणजेच चोरवाट. वर्डप्रेस असे मेल पाठवून प्लगइन बसवायला सांगत नाही, हे तुम्हाला माहीत असेल, पण मालकाला आला तर तो तुम्हाला पुढे पाठवतो आणि वर लिहितो 'अर्जंट करून टाक'. आणि तुमच्यापैकी कितीजण रविवारी दुपारी 'अर्जंट' वाचून नुसतंच करून टाकतात?

हे झालं खोट्याचं. याच्या उलट गंमत अशी की खरा मेल खोट्यासारखा दिसतो. नवीन नाव घेतलं किंवा मालकाचा तपशील बदलला की रजिस्ट्रार एक मेल पाठवतो, 'पत्ता खरा आहे हे पंधरा दिवसांत या लिंकवर जाऊन सांगा'. नाही सांगितलं तर साइट थांबवतात. लिंक आहे, मुदत आहे, धमकी आहे, सगळी लक्षणं फसवणुकीची. रबाळ्याच्या एका युनिटात मालकीणबाईंनी शहाणपणानं तो पुसून टाकला. सोळाव्या दिवशी साइट बंद. आता अशा माणसाला आपण काय शिकवायचं? 'लिंकवर क्लिक करू नका' हे वाक्य त्या बाईंना तोंडपाठ होतं, म्हणूनच त्यांचं नुकसान झालं. अमुक कंपनीकडून असा मेल येईल एवढं तुम्ही आधी फोनवर सांगितलं असतं तर प्रश्नच नव्हता. ते मात्र राहून गेलं.

चुकीच्या इंग्रजीवरून खोटा मेल ओळखा, असंही सांगतात. ते दिवस गेले. हल्ली यंत्राकडून इतकं गुळगुळीत इंग्रजी लिहून मिळतं की माझ्याकडे येणाऱ्या मेलमध्ये सगळ्यात शुद्ध इंग्रजी ठगांचंच असतं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघावा हे खरं, पण त्यातही आर आणि एन ही दोन अक्षरं शेजारी बसवली की लहान टाइपात एम दिसतो. चाळिशीच्या चष्म्यातून तर दिसतोच.

मी आता हिशेबनिसाच्या पद्धतीनं बघते. बिल भारतातल्या कंपनीचं म्हणत असेल आणि त्यात जीएसटी लावला असेल तर त्यावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅन. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव फुकटात दिसतं. बिलावरच्या नावाशी जुळलं नाही तर बिल परत. रक्कम बघते. डॉट कॉमचा घाऊक भाव सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला होता, मग एका वर्षाचे साठ-सत्तर डॉलर मागणारा कुठल्या बाजारात बसलाय? पण हे सगळं दुय्यम. पहिली गोष्ट ही की कुठल्याही खर्चाचं बिल मी आधीच्या कागदाशी जुळवते. पर्चेस ऑर्डर, चलन, मागच्या वर्षीचं बिल. वेबसाइटच्या बिलाला जुळवायला माझ्या फाइलमध्ये दुसरा कागदच नाही. फक्त तुमची ती एक ओळ.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. तुमच्यातल्या एकीशी तीन हात नाक्याजवळ चहा पिताना मी हे बोलले, तर ती उसळली. म्हणाली, "ताई, दहा-बारा हजारांत साइट करतो, त्यातले निम्मे सहा महिन्यांनी मिळतात, आणि वर आयुष्यभराचा सपोर्ट कुठून द्यायचा?" बरोबर आहे. पैसे उशिरा देणारे कोण आहेत हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार, चेक मीच तर रोखून धरते मालकाच्या सांगण्यावरून. दुसरं ती म्हणाली, पासवर्ड दिला की मालकाचा पुतण्या काहीतरी बिघडवतो आणि निस्तरायला आम्ही. हेही खरं. तिसरं तिनं सांगितलं नाही, मी सांगते: पासवर्ड दिला की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल अशी भीती असते. असेलही. पण नाव तुमच्या खात्यात अडकवून गिऱ्हाईक टिकवणं म्हणजे दुकानदाराच्या गाळ्याची चावी रंगाऱ्यानं खिशात ठेवण्यासारखं आहे.

शिवाय मी आयुष्यभराचा सपोर्ट मागतच नाही. मी एक पान मागते. बिलासोबत, त्याच दिवशी, छापून, मराठीत. त्यावर लिहा की नाव काय आहे, कुठल्या रजिस्ट्रारकडे आहे, खात्याला कुठला मेल जोडला आहे आणि तो मालकाचा आहे. नाव संपण्याची तारीख लिहा, आणि नुसतं वर्ष नको, तारीख. पुढच्या रिन्यूअलला अंदाजे किती लागतील ते लिहा. होस्टिंग कुणाकडे, त्याची तारीख वेगळी असेल तर ती. मेल कुणाकडे आणि त्याचं लॉगिन कुठल्या पानावर, ते. साइट वर्डप्रेसची आहे की साधी, त्यात गिऱ्हाइकांची माहिती साठते की नाही. फोटो कुणाचे. आणि तळाला एक वाक्य: 'याव्यतिरिक्त कुणाचंही वेबसाइटचं बिल किंवा सूचना आली तर पैसे भरण्याआधी किंवा क्लिक करण्याआधी हा कागद बघा आणि मला किंवा रजिस्ट्रारला फोन करा.' पासवर्ड त्या कागदावर नको, ते वेगळ्या पाकिटात मालकाकडे. दोन टप्प्यांच्या लॉगिनसाठी मालकाचाच मोबाइल. पुतण्याची भीती असेल तर पाकीट चिकटवून वर सही करा, जुन्या बँकेतल्यासारखी.

वीस मिनिटांचं काम आहे. त्याचे पाचशे रुपये वेगळे लावा. मी ते व्हाउचर त्याच दिवशी पास करीन, चेक रोखणार नाही, शब्द देते.

कुणाकडे पैसे गेलेच असतील तर उशीर करू नका एवढंच. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे आणि कार्डाच्या बँकेत त्याच दिवशी कळवायचं. लेखी तक्रार केंद्राच्या सायबरक्राइम पोर्टलवर करता येते. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या आधारे फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्ही एप्रिलपर्यंत थांबलो आणि बारीक अक्षरांत 'हे बिल नाही' लिहिलेलं होतं, त्यामुळे बँकेनंही हात वर केले. तेव्हापासून काकांच्या कार्डावरचे परदेशी व्यवहार मी बंदच ठेवलेत. २०२० पासून ही सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते, ॲपमध्ये एक बटण असतं.

माझ्या सहा पार्ट्यांसाठी असा कागद मीच लिहायला घेतला होता. मला जमेल तेवढा भरला. काकांचा तयार आहे, वीजबिलाच्या त्याच खिळ्याला टांगलाय, आणि परवा चीनवाल्यांचा पुन्हा मेल आला तेव्हा काकांनी चष्मा लावून आधी भिंतीकडे बघितलं. उरलेल्या पाचांत अजून रिकाम्या जागा आहेत. रबाळ्याच्या एका युनिटाच्या नावाला जोडलेला मेल कुणाचा आहे ते कुणालाच सांगता येत नाही. वागळेतल्या दोघांचं होस्टिंग कुठे आहे ते कळत नाही. नौपाड्याच्या मैत्रिणीचाही कागद करायला घेतलाय, तिचं नाव ऑक्टोबरात संपतं म्हणतात, तारीख कुणालाच माहीत नाही. त्या जागा माझ्यानं भरणार नाहीत. तुमच्यातल्या चौघांना मी मेसेज टाकलेत, दोन निळ्या टिकांपर्यंत पोचले आहेत. मी दुपारी चारनंतर मोकळी असते, फोन करा.

आपली,
फाइलला बिलं लावणारी एक हिशेबनीस,
ठाणे